प्रतिक्रियेला उत्तर : शनिवारनंतर रविवारच का?

नमस्कार. इंग्रजी वारांच्या नावांवरचा लेख तुम्ही बारकाईने वाचलात आणि मोकळेपणाने विरोध नोंदवलात, त्याबद्दल आभार. तुमचे मुद्दे थोडक्यात असे : संडे-रविवार, मंडे-सोमवार हे अर्थ तंतोतंत जुळतात, म्हणजे इंग्रजांनी आपलेच वार उचलले, वारांचा क्रम आर्यभटाने सांगितला आहे, 'अवर' हा शब्द आपल्या 'होरा'वरून गेला आणि 'होरा' म्हणजे 'अहोरात्र'चं पहिलं-शेवटचं अक्षर गाळून उरलेला शब्द, आणि फ्रायडेचा संबंध मी फ्रेया देवीशी जोडला, तो चूक आहे.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो बिनतोड आहे. फ्रायडेचं जुन्या इंग्रजीतलं रूप 'फ्रीगेडॅग', म्हणजे फ्रिगचा दिवस. फ्रिग ही उत्तर युरोपातल्या, म्हणजे नॉर्स पुराणकथांमधल्या ओडिन या देवाची पत्नी. त्या कथांमध्ये फ्रेया ही वेगळी देवी आहे. त्याच परिच्छेदात माझी आणखी एक ढिलाई होती. थर्सडे मी सरळ थोरचा वार म्हटलं होतं. जुन्या इंग्रजीत तो 'थुनरेसडॅग', थुनोर या गडगडाटाच्या देवाचा. थोर हे त्याच देवाचं नॉर्स नाव. दोन्ही दुरुस्त्या लेखात केल्या आहेत.

आता क्रमाबद्दल. आर्यभटाने तो सांगितला आहे, यात शंकाच नाही. पण तो काय म्हणतो ते नीट पाहू (होरा म्हणजे अहोरात्राचा चोविसावा भाग) : शनीपासून क्रमाने अधिकाधिक वेगवान असे सात ग्रह होरांचे स्वामी, आणि त्याच क्रमातला चौथा तो पुढच्या दिवसाचा स्वामी. हा क्रम शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. शनीला राशिचक्राची फेरी करायला सुमारे 29.5 वर्षं लागतात, चंद्राला 27.3 दिवस.

कागदावर मांडून बघा. शनिवारी सूर्योदयाची पहिली होरा शनीची, दुसरी गुरूची, तिसरी मंगळाची, असं करत सातवी चंद्राची. आठवी पुन्हा शनीची, पंधरावीही, बाविसावीही. मग तेविसावी गुरूची, चोविसावी मंगळाची, आणि दिवस संपला. पंचविसावी होरा रवीची, म्हणून शनिवारनंतर रविवार. तीच मोजणी रवीपासून केली की चंद्र येतो, चंद्रापासून मंगळ. 24 ला 7 ने भागल्यावर बाकी 3 उरते, सगळा क्रम त्या तीनवर उभा आहे.

आणि नेमकी इथेच अडचण आहे. आपल्याकडे अहोरात्राचे भाग 30 मुहूर्त किंवा 60 घटका. शनीपासून मुहूर्त वाटत गेलात, तर एकतिसावा मंगळाचा येतो, शनिवारनंतर मंगळवार! घटका वाटल्या तर एकसष्टावी शुक्राची, म्हणजे आठवडा उलटा चालू लागतो. कोणी म्हणेल, चंद्रापासून वर शनीकडे मोजलं तर 60 घटकांतूनही आपलाच क्रम निघतो. गणित म्हणून ते खरं आहे. पण आर्यभट शनीपासून खाली मोजतो, आणि स्वामी सांगतो ते होरांचे. दिवसाचे 24 भाग करायची पद्धत मूळची इजिप्तची. ग्रहांची ही उतरंड ग्रीक ज्योतिषाने पक्की केली.

काळाचा हिशोबही तेच सांगतो. आर्यभटाचा ग्रंथ इसवी सन 499 च्या सुमाराचा. पाँपेई शहर ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं 79 मध्ये, आणि तिथल्या एका भिंतीवर बाजारगावांच्या यादीशेजारी सातही वार ओळीने कोरलेले सापडले, सुरुवात शनीपासून. त्या मानाने आपल्याकडे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अशोकाने मासे कधी मारू नयेत ते स्तंभावर लिहवलं, तेव्हा चातुर्मास्यांच्या पौर्णिमा, तिष्य नक्षत्र, चतुर्दशी, प्रतिपदा सगळं सांगितलं. वार एकही नाही. वेदांग ज्योतिषातही तिथी-नक्षत्रं आहेत, वार नाहीत.

'होरा'ची व्युत्पत्ती तुम्ही दिलीत ती ज्योतिषी वराहमिहिराच्या बृहज्जातक या ग्रंथात आहे हे खरं. पण तिथे शब्द आहे 'एके', म्हणजे काहींचं असं म्हणणं आहे. याच ग्रंथात केंद्र, पणफर, आपोक्लिम हे शब्द येतात. पत्रिका मांडणारे आजही ते वापरतात, आणि तिन्ही ग्रीक आहेत. 'होरा' त्यांच्याच पंगतीतला. ग्रीकमध्ये तो होमरच्या काव्यापासून आहे, आधी ऋतू या अर्थाने, मग तास या अर्थाने. तिथून लॅटिन, मग फ्रेंच, मग इंग्रजी 'अवर'. वराहमिहिराला यात कमीपणा वाटला नाही. यवनांकडे, म्हणजे ग्रीकांकडे, हे शास्त्र उत्तम आहे म्हणून त्यांचाही ऋषींसारखा मान होतो, असं त्याने बृहत्संहितेत स्वच्छ लिहिलं आहे.

राहता राहिला अर्थ जुळण्याचा मुद्दा. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते इथेच, कारण अर्थ जुळतात तितकेच ते जिथे जुळत नाहीत तेही बोलकं आहे. आपण घेतले ते ग्रह. इंग्रजांच्या पूर्वजांनी, म्हणजे जर्मानिक लोकांनी घेतले ते देव. रोमन मार्स युद्धाचा, म्हणून त्याच्या जागी त्यांचा टिव बसवला, ट्यूजडे. जुपिटर विजेचा, म्हणून थुनोर. मर्क्युरीच्या जागी वोडेन, म्हणजेच ओडिन. वेन्सडेच्या स्पेलिंगमधला न उच्चारला जाणारा 'डी' हा त्याच्या नावाचाच अवशेष. व्हीनस देवी, म्हणून फ्रिग देवी. यातलं एकही नाव इंग्रजीत ग्रहाचं नाही. आपले वार उचलले असते, तर शुक्रवारी देवी आली कुठून? आपला शुक्र तर दैत्यांचा गुरू. गुरुवारी गडगडाटाचा देव कसा? आपल्याकडे तो बृहस्पती, देवांचा आचार्य. आणि सॅटरडेला जुळता देव न सापडल्यामुळे रोमन सॅटर्नचं नाव तसंच राहिलं. त्या शब्दात उगमाचा शिक्काच आहे.

तेव्हा रविवार आणि संडे ही बाप-लेकाची नाही, चुलत भावंडांची जोडी आहे. आपल्या शाखेचं वेगळेपणही कमी नाही. गोव्यावर साडेचार शतकं राज्य करणारे पोर्तुगीज सोमवारला 'सेगुंदा-फेइरा', म्हणजे दुसरा वार, असं आकड्याने ओळखतात. देवांची नावं चर्चच्या प्रभावाने त्यांच्या भाषेतून गेली. पण गोव्यातल्या ख्रिस्ती कोंकणीत आजही आयतार, सोमार, बिरेस्तार. आदित्य, सोम आणि बृहस्पती तिथे टिकून आहेत.

एक उणीव मात्र तुमच्यामुळे लक्षात आली. भारतात वार कधी दिसू लागतो, हे लेखात आलंच नव्हतं. मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यात एरण येथे गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळचा स्तंभ आहे. त्यावर गुप्त वर्ष 165, आषाढ शुद्ध द्वादशी आणि पुढे 'सुरगुरूचा दिवस', म्हणजे गुरुवार, असं कोरलं आहे. इसवी सन 484. वाराचा उल्लेख असलेल्या आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या लेखांमध्ये तो गणला जातो. हा भाग आज लेखात घातला आहे.