अडीच एमएमची वायर आणि एक अडकित्ता

परवापासनं मला अडकित्ता दिसला तरी राग येतोय. घरात कोणी सुपारी खात नाही म्हणून बरं.

झालं एवढंच की होम थिएटरच्या मागच्या दोन स्पीकरची वायर बदलायची होती. सिस्टीमच्या खोक्यात आलेली वायर म्हणजे गणपतीच्या लायटिंगला असते तसली, अर्धा एमएम, म्हणजे आतल्या तारेचा छेद अर्धा चौरस मिलिमीटर. ॲम्प्लिफायर टीव्हीखाली, स्पीकर सोफ्याच्या मागं, भिंतीच्या कडेनं फिरवत नेली की १२ मीटर, जाऊन येऊन २४. हिशोब केला तर नुसत्या वायरीचाच रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ०.८ ओम आणि स्पीकर ८ ओमचा. वायर स्पीकरच्या ५ टक्क्यांच्या आत असावी म्हणतात, ही दहावर बसलेली. सिनेमात मागनं हेलिकॉप्टर येतं ते आमच्याकडं दमून यायचं.

म्हणून सांगलीच्या गणपती पेठेतलं एक दुकान गाठलं. तिथं काउंटरशेजारी स्टुलावर एक काका, पांढरी टोपी, तासगावकडचे, मोटरच्या स्टार्टरचं कॉईल जळालं म्हणून आलेले. त्यांचं काम कधीच झालं होतं, पण गावची बस दुपारची असावी.

"काय घ्यालाय?"

"स्पीकरची वायर. अडीच एमएम, दोन कोअर."

काकांनी रिळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आमच्या पाच एचपीच्या मोटरला चार एमएम हाय. तुमचा स्पीकर काय हिरीतनं पाणी वडतोय व्हय?"

दुकानातली दोन्ही पोरं हसली. इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मी समजवायला गेलो, की काका, लांबी वाढली की रेझिस्टन्स वाढतो.

"ते आमाला सांगा! बोअर चारशे फूट हाय. लाईट रातचीच येती, त्यात व्होल्टेज पडलं की मोटर घुं घुं करती आन जळती. तुमचं काय जळतंय?"

"जळत नाही. आवाज घट्ट येत नाही."

"काय येत न्हाई?"

"घट्ट."

"पिठल्यागत?"

एवढ्यात शेठ मदतीला आले. "साहेब, ही न्या. ओएफसी, ऑक्सिजन फ्री. फरक जमीन-अस्मानाचा."

"ऑक्सिजन फुकट?" काका म्हणाले.

मी म्हटलं फुकट नाही हो, तांबं करतानाच त्यातला ऑक्सिजन काढतात. तर काका म्हणे, "कोरोनात कुठं हुता ह्यो? मेव्हण्याला शिलिंडर मिळंना, मिरजेपातूर हिंडलो." मग कोणीच काही बोललं नाही. पोरं पण नाही. थोड्या वेळानं काकाच म्हणाले, "चालू द्या तुमचं," आणि शेठनं वायर मोजायला घेतली. ३० मीटर, १२० रुपयांनी, ३६००.

टोक नीट कापताना एक बोटभर तुकडा पडला. काकांनी तो उचलला, चंचीतनं अडकित्ता काढला आणि सुपारी कातरावी तसं सावकाश खरवडायला लागले.

"आतनं पांढरी हाय की."

आता मात्र माझी वेळ होती. मी चांगला दोन मिनिटं बोललो, की काका, अशा पारदर्शक वायरीत एक बाजू पांढरीच असते, तिला कथिलाचा मुलामा देतात म्हणजे उलटसुलट जोडली जात नाही, आणि उलटी जोडली तर एक स्पीकर पुढं ढकलत असताना दुसरा मागं ओढतो आणि आवाज पोकळ होतो. शेठ म्हणाले, बरोबर, साहेबांना सगळं माहितीय.

काका म्हणाले, "म्या तांबडी बाजू खरवडली."

खरंच. वरनं तांबं, आत ॲल्युमिनियम. कल्हईवाले तांब्यापितळेला कथिल लावायचे, हे लोक ॲल्युमिनियमला तांबं लावतात. लावा बाबा, पण मग तसं सांगून आणि त्या भावात विका ना, वायरीवर ओएफसी कशाला छापता! शेठनं मान न उचलता कापलेला माल परत होत नाहीची पाटी दाखवली, देवाच्या फोटोच्या वर लावलेली, आणि वर म्हणाले, "कंपनीकडनंच असं येतंय साहेब. आवाजात काय फरक पडत नाय." पाच मिनिटांपूर्वी जमीन-अस्मानाचा होता.

लोक म्हणतील ग्राहक मंचात जा. कुठल्या तोंडानं जाऊ? पक्क्या बिलाला १८ टक्के जीएसटी वर पडेल म्हटल्यावर ६४८ रुपये वाचवायला मीच म्हटलं होतं, राहू द्या.

काका तेवढ्यात बंडलाचा अंदाज घेत होते. "परत घेत नसला तर मला द्या. द्राक्षाच्या काड्या बांधायला बरी हाय, गंजत न्हाई." वर सुपारीचं खांड पुढं केलं, त्याच अडकित्त्यानं कातरलेलं. मी खाल्लं. का खाल्लं माहीत नाही.

आता आमच्या सांगलीपासनं दहा-एक किलोमीटरवर मिरज, तिथले सतारमेकर तंबोऱ्याच्या तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवून जवारी लावतात आणि आवाज खुलतो. असल्या कानांच्या शेजारी राहून मी वायरीतला फरक ऐकायला निघालेलो.

आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे घरी येऊन जोडली, टोकांना बनाना प्लग म्हणजे खुपसायच्या पिना लावल्या, तर हेलिकॉप्टर चांगलं दणदणत आलं. मग परत हिशोब केला. ॲल्युमिनियमचा रेझिस्टन्स तांब्यापेक्षा जास्त, तो धरून पण पाव ओमच्या आसपास, म्हणजे ५ टक्क्यांच्या आत. शेठ खोटं बोलला, पैसे घेतले, आणि गणितानं पण त्याचीच बाजू घेतली. बायको म्हणाली, "बरा येतोय की आता आवाज. वायर चांगली मिळाली वाटतं."

मी हूं म्हटलं.

सहा मीटर उरलीय. टीव्हीच्या ड्रॉवरमध्ये आहे, ड्रॉवर उघडला की दिसते. काकांचा नंबर घ्यायला हवा होता.