काटकसर कोणाच्या खिशातून?

परवा आमच्या जुन्या कॉलेजच्या महाविद्यालय विकास समितीची नोटीस आली. निवृत्त झालो तरी माजी विद्यार्थी म्हणून मला त्या समितीत घेतलंय. विषय क्रमांक दोन : ‘उपलब्ध निधीत विद्यार्थी सुविधांमध्ये वाढ करणे.’ वाचून हसू आलं. अठ्ठावीस वर्षं मी त्याच कार्यालयात काढली, शेवटची सात अधीक्षक म्हणून. हा विषय दर वर्षी असायचाच, पूर्वी त्याला नुसतं ‘काटकसर’ म्हणत.

काटकसर म्हटलं की मला एक बाई आठवते.

दोडामार्गच्या बाजूची होती, काजू फॅक्टरीत कामाला. मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी बोनाफाईड हवं होतं. मुलगी तापाने पडलेली, म्हणून आईच आली. पहिल्या एसटीने साडेनऊला पोचली आणि बंद खिडकीसमोरच्या पायरीवर बसून राहिली. आमच्याकडे नऊ जणांच्या कार्यालयात चारच उरले होते. एकेक निवृत्त होत गेला, जागा भरायला मंजुरी आली नाही. म्हणून आम्ही ठरवलं, खिडकी एकच आणि तीही अकरा ते एक. बाकी वेळ आतली कामं. त्या दिवशी खिडकी उघडल्यावर तिला कळलं की प्राचार्य मीटिंगला गेलेत, सही उद्या मिळेल. ती माझ्या टेबलापाशी आली. आवाज चढवला नाही. म्हणाली, “सायबानू, आजची हजेरी गेलीच. उद्याची तरी ऱ्हवांदे.”

तिची सव्वाबाराची गाडी चुकली. पुढची पाचची.

त्या रात्री मी घरी बसून हिशेब मांडला. अधीक्षकाची खोड, दुसरं काय. वर्षाला कागदासाठी बाहेरून येणारी माणसं सहाशेच्या घरात : माजी विद्यार्थी, पालक, पास संपलेली मुलं. एका कामाला सरासरी तीन खेपा. एका खेपेला भाडं, झेरॉक्स, चहा आणि बुडालेली मजुरी मिळून अगदी कमी धरले तरी दोनशे रुपये. झाले तीन लाख साठ हजार. आणि आम्ही वाचवलं काय? महिना आठ हजारांवर एक तात्पुरता लिपिक ठेवता आला असता, तो ठेवला नाही. म्हणजे शहाण्णव हजार. ऑडिटमध्ये आमचे शहाण्णव हजार दिसतात. तिचे दोनशे कुठल्याच हेडखाली, म्हणजे खर्चाच्या खात्यात, येत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्याकडे कॉलेजं आणि विद्यापीठं जिला काटकसर म्हणतात, त्यातली बरीचशी काटकसर नसतेच. खर्च उचलून मुलांच्या खिशात टाकलेला असतो.

पैसे कमी आहेत, हे मात्र खरं. कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितलं की राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पुन्हा तेच ६ टक्के. चोपन्न वर्षांनी तोच आकडा पुन्हा लिहावा लागला, यातच काय ते आलं. मुंबई विद्यापीठासारखं संलग्नता देणारं विद्यापीठ बरंचसं परीक्षा शुल्क आणि संलग्नता शुल्कावर चालतं. मुंबईतली मोठी कॉलेजं स्वायत्त होतात, परीक्षा स्वतः घेतात आणि ते शुल्क तिकडेच राहतं. काही नामांकित कॉलेजं तर २०१९-२० च्या सुमारास होमी भाभा आणि एचएसएनसी या समूह विद्यापीठांत, म्हणजे काही कॉलेजं एकत्र करून केलेल्या विद्यापीठांत, गेली. मागे राहतात आमच्यासारखी, तळकोकणातली, दोन-चारशे मुलांची. विद्यापीठाला प्रश्नपत्रिका तेवढ्याच काढाव्या लागतात, शुल्क भरणारे कमी.

त्यात आमची वेगळीच गंमत. कोकण बोर्ड २०१२ पासून बारावीच्या निकालात राज्यात पहिलं येतंय. पेढे वाटून होतात आणि जूनमध्ये हीच पोरं तुतारी एक्सप्रेसने मुंबईला. मुलं कमी म्हणून तुकडी बंद, तुकडी बंद म्हणून वर्कलोड नाही, वर्कलोड नाही म्हणून पद नाही, पद नाही म्हणून खिडकी अकरा ते एक. मग पुढच्या वर्षी आणखी चार मुलं जातात.

सुविधा वाढवायची म्हटलं की आमच्याकडे पहिली मागणी यंत्राची. एका वर्षी मार्च संपत आला होता, उपकरणांच्या हेडखाली पैसे पडून होते, परत जातील म्हणून घाईघाईने टचस्क्रीनचं मशीन घेतलं. मुलांनी स्वतः निकाल बघायचे, दाखले मागायचे. जूनमध्ये पहिली वीज कडाडली आणि मशीन गेलं. दुरुस्तीचा माणूस कोल्हापूरहून यायचा होता, गणपती झाले तरी आला नाही. दिवाळीनंतर त्यावर प्लास्टिक घालून ठेवलं, अजून तसंच असावं. त्या पैशात दोन-तीन वर्षं एक माणूस बसवता आला असता. पण माणसाचं हेड वेगळं आणि त्यात पैसे नव्हते.

संगणकाला माझा विरोध नाही, घाईला आहे. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका एकदम संगणकावर तपासायला घेतल्या, निकाल कित्येक आठवडे लांबले आणि शेवटी राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. तेच आधी एका शाखेपुरतं करून बघितलं असतं तर?

आता जे जमलं ते सांगतो. त्या बाईनंतर आम्ही तीन गोष्टी केल्या. खिडकी सकाळी साडेआठला उघडायची, कारण आमची बरीच माणसं पहिल्या एसटीने येतात. तिथे ‘कमवा आणि शिका’तली दोन मुलं बसवली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या काळापासूनची ही कल्पना, पण आमच्याकडे त्या मुलांना झाडांना पाणी घालणं आणि पुस्तकं पुसणं एवढंच काम. त्यांनी अर्ज घ्यायचा, कागद अपुरा असेल तर तिथल्या तिथे सांगायचं, फोन नंबर लिहून घ्यायचा. सहीचं काम आमचंच, पण दाखला तयार झाल्याचा फोन गेल्याशिवाय कोणी दुसरी खेप करायची नाही. तिसरी गोष्ट, प्राचार्य बाहेर असले तर साध्या बोनाफाईडवर उपप्राचार्यांची सही चालेल, असा एक ठराव. ठरावाला खर्च शून्य. तरी मंजूर व्हायला चार महिने लागले, आणि नंतर दोनच लोकांनी विरोध केला होता असं कळलं.

पोरं खिडकीवर आमच्यापेक्षा बरी वागली, हे कबूल करतो. त्यांना मालवणीत विचारलं तर ती मालवणीत सांगत. आम्ही परिपत्रकाच्या भाषेत बोलायचो.

एसटीने तरी दुसरं काय केलं? विद्यार्थ्यांच्या पासात ६६ टक्क्यांवर सवलत जुनीच, पण पासासाठी जूनच्या पावसात डेपोत रांग लावायला लागायची. मग ‘एसटी पास थेट शाळेत’ मोहीम आली. यादी शाळा-कॉलेजने द्यायची, पास घेऊन एसटीचा माणूस येणार. दोनशे पोरांनी डेपोत जाण्याऐवजी एक माणूस इकडे येतो.

वाचनालयाचंही तसंच. आमच्या दमट हवेत नियतकालिकांना दोन पावसाळ्यांत बुरशी धरते, वर वाळवी. यूजीसीच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या एन-लिस्ट या ऑनलाइन वाचनालयातून हजारो नियतकालिकं आणि लाखो ई-पुस्तकं आम्हाला मिळायची, वर्षाला सहा हजारांच्या आत. बिल मीच पास करायचो. पासवर्ड किती मुलांना दिला होता, ते विचारू नका. केंद्राने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारी संस्थांसाठी ‘एक देश, एक सदस्यता’ ही नियतकालिकांची सामाईक वर्गणी मंजूर केली, तीन वर्षांना ६,००० कोटी. सगळ्यांनी मिळून एकदाच घासाघीस करायची, ही कल्पना मला पटते. मग एका तालुक्यातल्या चार कॉलेजांनी मिळून एक पगारी समुपदेशक का ठेवू नये? सोमवार इथे, मंगळवार तिथे. आज ते काम मराठीच्या मॅडमवर आहे, आणि मॅडम स्वतः तासिका तत्त्वावर. त्यांचं मानधन महिनोन् महिने अडकतं. मॅडम मुलांचा ताण ऐकून घेतात, मॅडमचा कोण ऐकणार?

तिथे मात्र माझी सगळी अधीक्षकी संपते. खिडकीची वेळ बदलता येते, ठराव करता येतो, पण न भरलेली पदं कुठल्याही युक्तीने भरून निघत नाहीत. कोणी ‘कमी मनुष्यबळात उत्तम सेवा’ म्हणायला लागला की मी त्याला विचारतो, तुमच्या खिडकीवर कोण आहे?

तर बैठक पुढच्या शनिवारी. नोटीस पुन्हा नीट वाचली. विषय क्रमांक तीन : ‘प्रवेशद्वाराची नवीन कमान, अंदाजपत्रकास मान्यता.’ मी फोन करून सहज विचारलं, सकाळची खिडकी चालू आहे ना? पलीकडून उत्तर आलं, “नाही सर, दोन वर्षं झाली. आता अकरा ते एक.”

जुना हिशेबाचा कागद शोधून ठेवलाय. भाडं वाढलंय, मजुरीही, तेवढे आकडे बदलायचे आहेत.