पाचव्या वर्षी त्या गावात कोण असते?

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यातल्या नद्यांनी पात्रे सोडली आणि शेतांतली माती खरडून नेली, तेव्हा मी जपानच्या निगाता प्रांतातल्या नागाओका शहरात बसून रोज मराठी बातम्या वाचत होते. वाद ओळखीचाच होता. ओला दुष्काळ जाहीर करा, अशी मागणी एका बाजूला होती, तर अशी संज्ञाच शासकीय नियमांत नाही, असे उत्तर दुसऱ्या बाजूला होते. पंचनामे कधी संपणार, हेक्टरी किती मिळणार, यावर रोज आवाज चढत होते. ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले आणि त्यात नवा पैसा किती, यावर पुन्हा वाद सुरू झाला. या प्रश्नांना मी मुळीच कमी लेखत नाही. ज्याचे सोयाबीन पाण्यात कुजले, त्याला रब्बीच्या पेरणीआधी हातात रोख रक्कम हवी असते आणि ती उशिरा मिळाली तर सावकार आधी पोहोचतो. मात्र पॅकेजचा शेवटचा हप्ता वाटून झाल्यावर, तिसऱ्या किंवा पाचव्या वर्षी, त्या गावासाठी नेमलेले कोण असेल, हे विचारणारे फारसे कुणी मला दिसले नाही.

हा प्रश्न मला सुचतो, कारण मी राहते तिथून थोड्याच अंतरावर यामाकोशी आहे. २३ ऑक्टोबर २००४ च्या संध्याकाळी ६.८ क्षमतेच्या भूकंपाने या डोंगरी गावाचे सगळे रस्ते तोडले, दरडींनी इमो नदी अडवली आणि साचलेल्या पाण्यात कोगोमो वाडीतली घरे बुडाली. सुमारे २,२०० माणसांना हेलिकॉप्टरने नागाओकात आणावे लागले. सुरुवातीला जो जसा आला तसा मिळेल त्या निवाऱ्यात राहिला. मग प्रशासनाने ही मंडळी पुन्हा हलवली आणि एका वाडीची माणसे एका छताखाली आणली. तात्पुरती घरे बांधली तेव्हाही वाडीचा शेजार जपला गेला. या आग्रहामागे जपानच्याच कोबे शहराचा कटू अनुभव होता. १९९५ च्या तिथल्या भूकंपानंतर वृद्धांना प्राधान्य देऊन चिठ्ठ्या टाकून घरे वाटली गेली. हेतू चांगला होता, पण ओळखीच्या माणसांपासून दूर पडलेली कित्येक म्हातारी माणसे बंद दाराआड एकटीच मरण पावली. यामाकोशीचे शेवटचे कुटुंब तात्पुरत्या घरातून बाहेर पडले ते डिसेंबर २००७ मध्ये, म्हणजे तीन वर्षांनी.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते त्यानंतरचे. निगाता प्रांताने एक मोठी ठेव उभारली आणि तिच्या व्याजातून भूकंपग्रस्त भागांत पगारी ‘पुनरुत्थान सहायक’ नेमले. त्यांचे काम कागदावर मांडायला अवघड आहे. घरोघरी जाणे, कोणाचे शेत पडीक राहिले आहे ते पाहणे, वाडीची बैठक बोलावणे, बंद पडलेला उत्सव पुन्हा सुरू करायला हातभार लावणे आणि कार्यालयात कोणता अर्ज कुठे अडला आहे, त्याचा पाठपुरावा करणे, असे ते काम.

यामुळे यामाकोशी पूर्वीसारखे झाले, असे मी म्हणणार नाही. आज तिथली लोकसंख्या हजाराच्याही खाली आहे. तरुण परतले नाहीत. १ जानेवारी २०२४ च्या, जपानच्याच नोतो द्वीपकल्पातल्या भूकंपानंतर तर श्रीमंत जपानचेही हात अपुरे पडले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधल्या अतिवृष्टीत तिथल्या वाजिमा आणि सुझू या शहरांतल्या तात्पुरत्या घरांतही पाणी शिरले आणि वर्षभरात दुसऱ्यांदा लोकांवर सामान बाहेर काढायची वेळ आली. तरीही परतणाऱ्यांबरोबर आणि न परतणाऱ्यांबरोबर कुणीतरी टिकून राहते, हा फरक मला जाणवत राहतो.

हे सगळे पैसेवाल्या देशाला परवडते, असा आक्षेप मी मायदेशी अनेकदा ऐकला आहे. तो मला पटत नाही, कारण असे काम महाराष्ट्राने स्वतः करून दाखवले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारी परिसरात दगड-मातीच्या भिंती आणि माळवदे कोसळली. पुढे लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत दोन वेगळ्या वाटांनी काम झाले. पूर्ण उद्ध्वस्त झालेली गावे नव्या जागी वसवली गेली. तिथे घराचा आकार कुटुंबाकडे जमीन किती यावरून ठरला, त्यामुळे भूमिहीनाला सर्वांत लहान घर मिळाले. सरळ आखलेल्या रस्त्यांत जुने वाडे, गल्ल्या आणि बायकांच्या बसण्याच्या जागा हरवल्या. जिथे घरे जागच्या जागी दुरुस्त करायची होती, तिथे मात्र गावातल्याच स्त्रिया ‘संवाद सहायक’ झाल्या. भिंत मजबूत कशी करायची, अनुदानाचा हप्ता कधी मिळतो, मालाचा दर्जा कसा तपासायचा, हे त्या शिकल्या आणि त्यांनी शेजारणींना शिकवले. हजारावर गावांत हे झाले. जपानच्या सहायकांच्या दशकभर आधी आपल्याकडे अशी व्यवस्था होती. प्रकल्प संपला आणि शासनाने ती मिटू दिली, याचे मला खरोखर वाईट वाटते.

माळीणमध्ये ३० जुलै २०१४ रोजी दीडशेहून अधिक माणसे दरडीखाली गेली. २०१७ मध्ये आमडे इथे नवे गाव लोकार्पण झाले आणि पहिल्याच पावसात तिथले रस्ते खचले, भिंतींना तडे गेले. घरे उभी करून देण्याची यंत्रणा आपल्याकडे आहे. लोकार्पणानंतर गावाबरोबर राहणारी नाही.

पैशाची तरतूदही अगदीच नाही असे नव्हे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीची विभागणी करताना ३० टक्के वाटा पुनर्प्राप्ती आणि पुनर्बांधणीसाठी वेगळा ठेवला. अशा वाट्यातून दर दोन-तीन बाधित गावांमागे एक स्थानिक सहायक, शक्यतो गावातलीच स्त्री, पाच वर्षांसाठी नेमता येईल, असे मला वाटते. खरडून गेलेल्या जमिनीचेच उदाहरण पाहा. ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजमध्ये तिच्यासाठी रोख मदतीबरोबर रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाख रुपयांपर्यंतची कामे जाहीर झाली. त्या कामासाठी जॉबकार्ड लागते, ग्रामसभेचा ठराव लागतो, अंदाजपत्रक लागते आणि हजेरीपट वेळेवर भरावा लागतो. सातबारा मयत वडिलांच्या नावावर असेल तर त्याआधी वारसनोंद करावी लागते. ज्या विधवेच्या शेतात आज नुसता मुरूम उरला आहे, तिने हे सगळे एकटीने करावे, अशीच अपेक्षा सध्या धरलेली आहे.