२५२० या संख्येत रामानुजन यांनी खरं काय पाहिलं

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. २५२० ही जगातली एकमेव संख्या, जिला १ ते १० मधल्या प्रत्येक संख्येने निःशेष भाग जातो; अशी संख्या असणं गणितज्ञांना अशक्य वाटत होतं; श्रीनिवास रामानुजन यांनी ती शोधली; आणि तिचं गुपित आपल्या कालगणनेत आहे, कारण ७ वार × ३० दिवस × १२ महिने = २५२०. यातला भागाकार बरोबर, गुणाकारही बरोबर. बाकीचं चूक, आणि त्याला रामानुजन यांचं नाव चिकटवलेलं पाहून मला खरंच वाईट वाटतं.

'एकमेव' नाही. २५२० ची दुप्पट ५०४०, तिप्पट ७५६०. पाहिजे ती पट घ्या, १ ते १० ने भाग जातोच. २५२० ही त्यांतली सर्वांत लहान.

'अशक्य'ही नाही. १ ते १० चा नुसता गुणाकार केला तरी ३६,२८,८०० ही तशी संख्या मिळते. सर्वांत लहान हवी तर लसावि काढायचा. माझ्या भाचीने सहावीत तो वहीच्या समासात काढला होता: ८ साठी तीन २, ९ साठी दोन ३, मग एक ५ आणि एक ७. ४, ६ आणि १० यांची सोय त्यातच झाली. २×२×२×३×३×५×७, झालं. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने आपल्या कल्पनेतल्या नगरीसाठी ५०४० हा आकडा निवडला तो त्याला १ ते १० ने भाग जातो म्हणूनच, आणि त्याला तेवीसशे वर्षांहून जास्त काळ लोटला. अभिमान बाळगायचा असेल तर नवव्या शतकातले गणितज्ञ महावीराचार्य यांचा बाळगू या. त्यांनी अपूर्णांकांसाठी लसावि वापरला आणि त्याला 'निरुद्ध' हे नावही दिलं.

आता कालगणना. ३० × १२ = ३६०, आणि ३६० ला १ ते १० पैकी फक्त ७ ने भाग जात नाही. त्याला ७ ने गुणलं की उणीव भरून निघते. गुपित ते एवढंच. शिवाय वर्ष ३६० दिवसांचं नसतंच. चांद्रमासात तिथी ३० असल्या तरी दिवस साधारण साडेएकोणतीस, म्हणून बारा महिन्यांचे सुमारे ३५४ दिवस होतात, आणि सौर वर्षाशी मेळ घालायला अधिक मास धरावा लागतो.

रामानुजन यांचा २५२० शी संबंध मात्र खरा आहे, आणि तो कुणी फॉरवर्ड करत नाही. १९१५ साली त्यांनी अशा संख्यांवर मोठा निबंध लिहिला, ज्यांचे विभाजक त्यांच्याहून लहान कोणत्याही संख्येपेक्षा जास्त असतात. २५२० चे विभाजक ४८. त्याखालच्या एकाही संख्येला इतके नाहीत. पण ती त्यांच्या यादीतली सुरुवातीची पायरी. कोणता मूळ अवयव कितीदा यावा याचे नियम शोधत ते ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत पोचले, म्हणजे पावणेसात लाख कोटींच्या आसपास. तिचे विभाजक १०,०८०. संगणक नसताना! या कामावर १९१६ मध्ये केंब्रिजने त्यांना पदवी दिली. एवढ्या यादीतून एकच संख्या निसटली: २,९३,३१,८६,२५,६००. तिचे विभाजक ५०४०.