‘फुकटे’ या एका शब्दाबद्दल: ‘एक करदाता’ यांना उत्तर

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मी राहते. तिथल्या रस्त्यांवरच्या माझ्या मागच्या लेखावर ‘एक करदाता’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 5 मे 2015 रोजी मिशिगनच्या मतदारांनी रस्तेदुरुस्तीसाठीची करवाढ सुमारे 80 टक्के मतांनी फेटाळली, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही, असं मी लिहिलं होतं. त्यावर या गृहस्थांचं पहिलंच वाक्य असं आहे: ‘मिशिगनचे मतदार फुकटे निघाले आणि तुम्ही डॉलरमध्ये पगार घेऊन त्या फुकट्यांची वकिली करताय.’ त्यापुढे तीन मुद्दे आहेत. डिझेलच्या कराचा आकडा मी चुकीचा दिला. त्याच प्रस्तावात कमी कमाईच्या कुटुंबांना मिळणारी करसवलत वाढणार होती, ते मी सांगितलंच नाही. आणि नंतर जो कायदा झाला त्यात गरिबाच्या पदरात काही न पडता पेट्रोल आणि गाडीची नोंदणी दोन्ही महागली, म्हणजे ‘नाही’ म्हणून लोकांनी स्वतःचंच नुकसान केलं.

आधी डिझेल. 2015 मध्ये मिशिगनचा कर पेट्रोलवर गॅलनमागे 19 सेंट आणि डिझेलवर 15 सेंट होता. मी दोन्हींना 19 लिहिलं. चूक माझी, आणि मूळ लेखात ती दुरुस्त केली आहे. चूक दाखवल्याबद्दल आभार. आकडे तपासून वाचणारे वाचक मला हवेच आहेत.

आता तुमचं पहिलं वाक्य. चार दिवस मी ते मनात घेऊन फिरते आहे. दोनदा उत्तर लिहिलं आणि खोडलं. नवरा म्हणाला, सोडून दे, लोक काहीही लिहितात. पण ‘फुकटे’ हा शब्द मला सोडता येत नाही. का, ते सांगते.

माझे वडील रस्त्यावरचे मजूर होते. बहात्तरच्या दुष्काळात करमाळ्याकडच्या आमच्या गावात विहिरी आटल्या तेव्हा त्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली. तेव्हा ते विशीत होते. पुढे सरकारी रस्त्यावर मैलकुली म्हणून लागले आणि निवृत्तीआधी काही वर्षं मुकादम झाले. मुरूम पसरणं, साइडपट्ट्या भरणं, पावसाळ्याआधी चर काढणं, डांबराच्या पिंपाखाली जाळ घालणं, हे त्यांचं आयुष्य. डांबराने भाजल्याचे डाग त्यांच्या पोटऱ्यांवर शेवटपर्यंत होते. खड्डा कशाने पडतो हे मला सहावीत असताना माहीत होतं, कारण जेवताना ते दुसरं बोलायचेच नाहीत. पाणी. पाणी रस्त्याच्या पोटात शिरलं की रस्ता गेला. मिशिगनमध्ये तेच पाणी गोठतं, फुगतं आणि वितळतं. एका हिवाळ्यात हे किती वेळा होतं त्याला गणती नाही, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्यांची चाळण होते. वडील इथे आले होते तेव्हा त्यांनी एका खड्ड्याशी वाकून कडेचा थर बोटाने उकरून पाहिला होता आणि म्हणाले होते, ‘अगं, वरून थापलंय नुसतं.’

तर अशा माणसाच्या मुलीला तुम्ही रस्त्याच्या खर्चावरून फुकटं म्हणता.

आणि त्यांच्या पगारपत्रकाचीच गोष्ट सांगते, कारण माझ्या लेखाचं म्हणणं त्यातच आहे. पुढे पगार थोडा वाढला तेव्हा त्यातून ‘व्यवसाय कर’ कापला जायचा. महाराष्ट्राने हा कर 1975 च्या कायद्याने आणला तो रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून गावातल्या बिनकामाच्या हातांना काम, इतका सरळ हिशेब होता. वडिलांनी त्या कापलेल्या रुपयांबद्दल एकदाही कुरकुर केल्याचं मला आठवत नाही. बहात्तर साली स्वतः खडी फोडलेली असल्यामुळे तो पैसा कुठे जातो ते त्यांना ठाऊक होतं. पैसा कुठे जातो हे कळलं की माणूस देतो. माझ्या लेखात हेच होतं. ते तुम्ही वाचलंत की नाही, मला शंका आहे.

‘फुकटे’ मिशिगनकरांकडे वळू. 1994 च्या मार्चमध्ये याच राज्याच्या मतदारांनी आपला विक्रीकर 4 टक्क्यांवरून 6 टक्के करून घेतला, आणि तोही सुमारे 69 टक्के मतांनी. पैसा शाळांसाठी होता. बदल्यात मालमत्ता कराचा भार कमी होणार होता, म्हणजे त्यांनी निव्वळ दान केलं असं मी म्हणत नाही. पण काय देतोय आणि काय मिळतंय हे मांडलं तेव्हा लोकांनी दोन टक्के स्वतःवर लावून घेतले. फुकट्यांचं राज्य असं करत नाही. याच राज्यात 1909 साली डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर एक मैलभर काँक्रीटचा रस्ता झाला आणि देशभरातून लोक तो बघायला आले. रस्त्याची किंमत इथल्या माणसाला शिकवावी लागत नाही.

मग 2015 मध्ये काय झालं? विक्रीकराची 6 टक्क्यांची मर्यादा राज्यघटनेत लिहिलेली आहे, म्हणून ती वाढवायला लोकमत घ्यावं लागलं. प्रपोझल वन नावाच्या त्या प्रस्तावात विक्रीकर 6 चा 7 टक्के होणार होता, पेट्रोल-डिझेलवरचा विक्रीकर जाऊन त्याजागी घाऊक किमतीवरचा इंधनकर येणार होता, गाडीच्या नोंदणीचे नियम बदलणार होते, आणि शाळा, स्थानिक संस्था, सार्वजनिक वाहतूक अशा सगळ्यांना वाटा मिळणार होता. वर्षाला जवळजवळ 2 अब्ज डॉलर गोळा होणार, त्यातले रस्त्यांना 1.2 अब्जाच्या आसपास. तेसुद्धा लगेच नाही. सुरुवातीला त्यातला मोठा भाग जुनं कर्ज फेडण्यात जाणार होता. आमच्या शेजारच्या आजोबांना मी मतपत्रिकेवरचा मजकूर वाचून दाखवला होता. ते उभं आयुष्य मोटारीच्या कारखान्यात काढलेले, मूर्ख नव्हेत. दोनदा वाचायला लावून त्यांनी विचारलं, यात माझ्या गल्लीतला खड्डा कुठे आहे? मला उत्तर देता आलं नाही.

आणि एक गोष्ट, जी मला तेव्हाही चीड आणायची आणि आजही आणते. पेट्रोलवरचा इंधनकर वाढवायला लोकमताची गरजच नव्हती. विधिमंडळाला तो स्वतः वाढवता येत होता. तो शेवटचा 1997 मध्ये 15 सेंटवरून 19 वर नेला होता, त्यानंतर अठरा वर्षं कोणी हात लावला नाही. गॅलनमागे ठरावीक सेंट, म्हणजे महागाई वाढेल तशी त्याची ताकद कमी होणार, हे उघड होतं. वर गंमत अशी की पंपावर आम्ही इंधनकर भरायचो आणि त्याशिवाय 6 टक्के विक्रीकरही भरायचो, पण तो विक्रीकर रस्त्यांना जायचाच नाही, मुख्यतः शाळांना आणि स्थानिक संस्थांना जायचा. पंपावर पैसे मोजणाऱ्याला वाटायचं, मी रस्त्याचे पैसे दिलेत. स्वतः करायचं अप्रिय काम आमदारांनी लोकांच्या गळ्यात बांधलं, आणि लोकांनी ते परत केलं. सहा महिन्यांनी, नोव्हेंबर 2015 मध्ये, त्याच विधिमंडळाने आणि त्याच गव्हर्नर रिक स्नायडर यांनी ते काम केलं. इंधनकर 26.3 सेंट, नोंदणी 20 टक्क्यांनी महाग, 1 जानेवारी 2017 पासून, आणि राज्याच्या तिजोरीतून टप्प्याटप्प्याने वर्षाला 60 कोटी डॉलर रस्त्यांना. तर मग मे महिन्यात आम्हाला कशाला विचारलं होतं?

‘डॉलरमध्ये पगार घेऊन’ याचंही उत्तर देते, कारण ते तुम्ही मुद्दाम लिहिलंय. मी 1999 पासून इथे आहे. मोटारीचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात काम करते. डॉलरमध्ये पगार घेते आणि डॉलरमध्येच कर भरते, एक वर्षही उशीर न करता. 2014 च्या हिवाळ्यात, तो हिवाळा इथल्या लोकांना विसरणं शक्य नाही, पहाटेच्या पाळीला जाताना हायवेवरच्या खड्ड्यात माझ्या गाडीचं पुढचं चाक गेलं. टायर फुटला, रिम वाकली, सस्पेन्शन बदलावं लागलं. उणे वीस सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीत मागून ट्रक येत असताना मी दीड तास रस्त्याच्या कडेला उभी होते. नुकसानभरपाईचा अर्ज केला, तो नाकारला गेला. कारण काय, तर खड्डा पुरेसे दिवस तिथे होता आणि तो त्यांना माहीत असायला हवा होता, हे मी सिद्ध करायचं! तरीही मी ‘रस्त्याला पैसे देणार नाही’ असं कधी म्हटलं नाही. आमच्या टाउनशिपमध्ये, म्हणजे इथल्या गावपातळीच्या स्थानिक संस्थेत, नंतर रस्त्यांसाठी वेगळा मिलेज, म्हणजे घर-जमिनीवरचा जादा स्थानिक कर, मतदानाला आला. कोणते रस्ते, कोणत्या वर्षी, हे नकाशासकट घरी आलं होतं. मी ‘हो’ म्हटलं. तो मंजूर झाला. इथल्या अनेक टाउनशिपमध्ये असे मिलेज मंजूर झालेत. तेच मतदार, महोदय. तेच ‘फुकटे’.

आणि आमच्या घरात एकमत होतं असंही समजू नका. माझ्या नवऱ्याने प्रपोझल वनला ‘हो’ म्हटलं होतं. त्याचं म्हणणं, वाईट गाठोडं असलं तरी रस्त्याला काहीतरी मिळतंय ना, मग घ्यावं. आम्ही तीन आठवडे यावर भांडलो. पण त्याने मला एकदाही फुकटी म्हटलं नाही. मतभेद असाही मांडता येतो. तुम्ही वयाने मोठे असाल, तुमच्या प्रतिक्रियेतल्या ‘आमच्या काळी’वरून तसं वाटतं. मोठ्यांशी वाद घालू नये असं मला शिकवलं आहे. पण नाव न देता, घरबसल्या, एका संपूर्ण राज्याला आणि लिहिणाऱ्या बाईला एका शब्दात निकालात काढणं, हे मोठेपणाचं लक्षण मला वाटत नाही. ‘वकिली’ या शब्दालाही माझी हरकत आहे. वकील पैसे घेतो. या लेखनाचे मला कोणी पैसे देत नाही.

राहिला करसवलतीचा मुद्दा. हो, अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट, म्हणजे कमी कमाईच्या कुटुंबांची ती करसवलत, राज्याने 2012 पासून केंद्राच्या अशाच सवलतीच्या 20 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आणलं होतं आणि प्रपोझल वनमध्ये ते पुन्हा 20 होणार होतं. मी ते लिहिलं नाही, कारण लेख रस्त्यांबद्दल होता. सगळंच एका लेखात मावत नाही. शिवाय गरिबाची सवलत रस्त्याच्या प्रस्तावाला बांधून ‘हे घ्यायचं तर तेही घ्या’ म्हणणं मला पटत नाही. ती सवलत द्यायची तर स्वतंत्र द्यावी, आणि 2023 मध्ये राज्याने ती तशी दिलीही, थेट 30 टक्के. मधल्या वर्षांचं काय, असं तुम्ही विचाराल. तो वेगळा विषय आहे, त्यावर इथे शिरत नाही.

नोंदणी महागली ती सगळ्यांनाच महागली, मलाही. त्यावर अधिक काय बोलायचं?

2015 नंतरही रस्ते सुधारले नाहीत, हे तुम्ही शेवटी लिहिलंय. बरोबर. ग्रेचेन व्हिटमर 2018 मध्ये रस्त्यांच्याच मुद्द्यावर गव्हर्नर म्हणून निवडून आल्या, 2019 मध्ये त्यांनी इंधनकरात 45 सेंटची वाढ मागितली, ती विधिमंडळाने होऊ दिली नाही, आणि 2020 मध्ये 3.5 अब्ज डॉलरचे रोखे काढून काम सुरू करावं लागलं. म्हणजे कर्ज. ते माझ्या मुलांनी फेडायचं. याचा मलाही त्रास होतो. पण 2025 मध्ये शेवटी काय झालं ते बघा. इंधनावरचा विक्रीकर काढला, त्याजागी इंधनकर वाढवला, आणि 1 जानेवारी 2026 पासून पंपावरचा राज्याचा कर रस्त्यांकडे जायला लागला. सामान्य विक्रीकर 6 टक्क्यांवरच राहिला. पंपावरचा पैसा रस्त्याला जावा, एवढंच आमच्यासारखे लोक दहा वर्षं म्हणत होते. इंधनावरचा विक्रीकर काढणं प्रपोझल वनमध्येही होतं, असं तुम्ही म्हणाल. होतं, पण सगळ्या वस्तूंवर एक टक्का जास्त लावून आणि आणखी दहा गोष्टी बांधून होतं. हा फरक मी मूळ लेखातही लिहिला होता, चौथ्या परिच्छेदात.

डिझेलचा आकडा मी दुरुस्त केला आहे. तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. पण तिच्यातला तो एक शब्द तुम्ही स्वतः मागे घ्यावा, अशी माझी विनंती आहे. तो घेतलात तर करसवलतीवर स्वतंत्र लेख लिहीन. तुमचं त्यावरचं म्हणणं तेव्हा तुमच्या नावानिशी वाचायला मला आवडेल.