चौकटीतला नवरा

बायकोने साठीला आल्यावर जलरंगांचा क्लास लावला, तेव्हा मी तिला उत्तेजनच दिलं. दर शनिवारी दोन तास घरात शांतता, एवढा सरळ हिशेब होता. त्या क्लासची फळं फ्रान्समध्ये जाऊन, भर उन्हात, गळ्यात तीन पिशव्या अडकवून चाखावी लागतील हे कुणी सांगितलं असतं, तर मी तिचं नाव भजनी मंडळात घातलं असतं.

मुलगी तुलूझला नोकरीला आहे. तिच्याकडे गेलो होतो. एक दिवस सकाळी चहा घेताना बायको म्हणाली, "अहो, रविवारी मातीससाठी कोलिऊरला जायचंय."

"कोण गेलं?" मी कप खाली ठेवला.

आमच्या गावाकडे 'मातीला जाणं' एकाच कारणासाठी असतं, त्यात माझी काय चूक? पण मुलगी इतकी हसली की बायकोने त्यानंतर आगगाडीत, पर्पिन्याँला गाडी बदलून थेट कोलिऊर येईपर्यंत माझं शिक्षण केलं.

तर हा आंरी मातीस, फ्रेंच चित्रकार. वय 35, पदरी बायकामुलं, हातात पैसा बेताचा. 1905च्या मे महिन्यात तो या गावी आला. स्पेनची हद्द इथून जवळ. पिरेनीज डोंगर उतरत उतरत समुद्रात पाय बुडवतो, तिथलं हे मच्छीमारांचं गाव. जुलैत त्याने आंद्रे देराँ नावाच्या 25 वर्षांच्या मित्राला बोलावून घेतलं आणि दोघांनी मिळून उन्हाळाभर गाव रंगवलं. समुद्र गुलाबी, डोलकाठ्या लाल, वाळूसुद्धा लाल. त्याच वर्षी शरदात पॅरिसच्या प्रदर्शनात ही मंडळी झळकली, तेव्हा लुई व्होसेल नावाच्या समीक्षकाने त्यांना 'फॉव्ह' म्हटलं. म्हणजे रानटी श्वापदं. तेच पुढे चळवळीचं नाव झालं. मी सातवीत आकाश हिरवं रंगवलं होतं, तेव्हा आमच्या चित्रकलेच्या सरांनीही मला साधारण त्याच प्राण्यांच्या यादीत बसवलं होतं. त्यातून चळवळ निघाली नाही, पालकांना चिठ्ठी मात्र निघाली.

गाव सुंदर आहे, हे कबूल. बंदराच्या टोकाला पाण्यातच उभं असल्यासारखं चर्च, त्याचा गोल घुमटीचा मनोरा. हा मनोरा पूर्वी दीपगृह होता, गलबतांना वाट दाखवायचा. एका बाजूला भलामोठा किल्ला, मध्ये गोट्यांचा किनारा. घरं पिवळी, गेरूच्या रंगाची, गुलबक्षी. ही श्वापदं फार काही खोटं बोलली नव्हती.

पण गाव बघायला वेळ होता कुणाला? मातीस आणि देराँ जिथे उभे राहून रंगवायचे, तिथे तिथे गावाने त्या चित्रांच्या प्रतिकृती लावून ठेवल्यात. वीसेक असतील. बायकोकडे नकाशा होता. अष्टविनायकात लेण्याद्री सोडला तर निदान गाडी दारापर्यंत जाते, इथे प्रत्येक देवस्थान पायऱ्यांवर. आणि गंमत पुढेच आहे. काही ठिकाणी खांबावर लोखंडी चौकटी उभ्या केल्यात. रिकाम्या. त्यातून बघायचं, म्हणजे समोरचं दृश्य आपोआप चित्र होतं.

"मग मूळ चित्रं कुठेयत?" मी धापा टाकत विचारलं.

"अहो, ती इथे कशी असतील? 'उघडी खिडकी' वॉशिंग्टनला आहे."

म्हणजे खिडकी वॉशिंग्टनला, चौकट कोलिऊरला, आणि आम्ही कोथरूडहून व्हिसा काढून भोक बघायला आलेलो! त्या भोकालाही रांग होती. आमचा नंबर आला तसा मी उकिडवा बसलो, कारण मनोरा चौकटीत बरोब्बर उजवीकडे यायला हवा होता.

"थोडे डावीकडे सरका. मनोरा कापला."

सरकलो.

"आता माझं डोकं कापलं."

एवढ्यात मागचे एक गृहस्थ आपल्या भाषेत हळूच काहीतरी बोलले. शब्द कळला नाही, पण त्यांच्याही गळ्यात तीन पिशव्या होत्या. आम्ही एकमेकांना नमस्कार केला.

अकराव्या प्रतिकृतीनंतर पोटात कावळे ओरडू लागले. घड्याळात सव्वादोन. एकूण एक खाणावळीचं स्वयंपाकघर बंद, आता थेट सात वाजता. दुकानं एक ते चार बंद म्हणून सगळं जग आम्हा पुणेकरांची टवाळी करतं. इथे लोक तेच करतात आणि त्याला संस्कृती म्हणतात. जन्मात पहिल्यांदा मी बंद दाराच्या बाहेरच्या बाजूला होतो. तिथून ती प्रथा तितकी थोर वाटत नाही.

शेवटी वाचवलं माशाने. इथले खारवलेले अँचोव्ही प्रसिद्ध आहेत. मासा मिठात दडपून महिनोन् महिने मुरवायचा, की झालं. एका दुकानात पावाच्या तुकड्यावर तांबूस फीत ठेवून चाखायला दिली. माझं आजोळ मालवणचं. पहिल्या घासालाच ओळख पटली: हा तर आपल्या मांदेलीच्या कुळातला! मी 'चाखायला' या शब्दाचा अर्थ जरा ताणला. चौथ्या तुकड्यानंतर दुकानदारीणबाईंनी बशी आत नेली.

चार वाजता बायकोने खडकावर बसून रंग काढले. आणि त्रामोंतान सुटला. हा इथला डोंगराकडून येणारा वारा. पहिला कागद गेला बंदरात, दुसरा एका आजोबांच्या वाइनच्या पेल्यात.

"तुम्ही बसा इथे," बायको म्हणाली, "वाऱ्याच्या बाजूने. हलू नका."

असा मी भिंत झालो. बसल्या बसल्या मला मातीसची बायको आठवली. गाडीतल्या शिकवणीतला तेवढाच भाग मी मन लावून ऐकला होता. आमेली तिचं नाव. त्याच उन्हाळ्यात त्याने तिला किमोनो घालायला लावून इथेच पाण्याकाठी बसवलं. त्या चित्रात बाई कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळत नाही म्हणे. वर्ष संपायच्या आत दुसऱ्या एका चित्रात त्याच माउलीच्या कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत हिरवा पट्टाही ओढला. तिला वारा लागत होता का, मुंग्या आल्या होत्या का, जेवली होती का, याबद्दल गाडीतल्या शिकवणीत एक शब्द नव्हता.

तासाभराने "झालं" असं ऐकू आलं. उठून पाहिलं तर कागदावर समुद्र नाही, मनोरा नाही. मी. तीन पिशव्यांसकट, आणि तोंड हिरवंगार.

"फॉव्ह," बायको म्हणाली.

आता ते चित्र आमच्या दिवाणखान्यात टांगलंय. चौकट चांगली सागवानी आहे. परवा भांडी घासायला येणाऱ्या मावशी त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि आवाज खाली आणून बायकोला म्हणाल्या, "ताई, तिकडचं खाणं दादांना मानवलं नव्हतं का हो?"