मॉनिटरची चुगली

आत्या दोन दिवस राहायला आलेली आणि तिला जात्यावरच्या ओव्या अजून पाठ आहेत, म्हणून म्हटलं रेकॉर्ड करून ठेवू. पुतण्या म्हणाला, काका फोनवर घे ना. पण कॉम्प्युटरला विंडोजऐवजी लिनक्स हीच सिस्टीम हवी म्हणत गेली दोन वर्षं मी घरात सगळ्यांना लिनक्स लिनक्स करून पकवलंय, आता फोन काढला असता तर इज्जतीचा फालुदा. म्हणून कॉम्प्युटरवरच.

आत्याने एक ओवी म्हटली, मी प्ले केली. चिडीचूप. आता आवाज आत शिरलाच नाही, की शिरलाय पण बाहेर येत नाहीये, हेच कळेना. म्हणून आधी स्पीकर तपासायला घेतले. स्पीकर-टेस्ट म्हणून कमांड आहे, नीट चालवली तर त्यात एक बाई आलटून पालटून "फ्रंट लेफ्ट", "फ्रंट राइट" म्हणतात. बाई बोलेचनात. अर्ध्या तासाने पत्ता लागला की आवाज एचडीएमआयच्या वायरीतून मॉनिटरकडे चाललाय आणि आमच्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत! लिनक्सची काय चूक, त्याने पत्र बरोबर टाकलं, घराला कुलूप होतं. आउटपुट बदललं, पण मधल्या वैतागात व्हॉल्यूम पार वर नेऊन ठेवलेला, त्यामुळे बाई अशा कडाडल्या की आत्या स्वयंपाकघरातून, "कोण आलंय रे? चहा टाकू का?"

परत रेकॉर्डिंग. प्ले केलं तर आत्या गायब आणि त्याच बाई, फ्रंट लेफ्ट, फ्रंट राइट. (टेस्ट बंद करायची राहिली होती.) इनपुटमध्ये बघतो तर माइकच्या जागी "मॉनिटर ऑफ बिल्ट-इन ऑडिओ". हा मॉनिटर म्हणजे स्क्रीन नव्हे, हा शाळेतला, स्पीकर जे जे बोलेल ते निमूट टिपून घेणारा. समोर बसून आत्या गातेय त्याच्याशी याला काही देणंघेणं नाही.

नेटवर उपाय ढिगाने, पण लिनक्समध्ये आवाज सांभाळणाऱ्या यंत्रणा वेगवेगळ्या: एक उपाय अल्साच्या काळातला, दुसरा पल्सऑडिओच्या, आणि २०२१ मध्ये फेडोराने, २०२२ मध्ये उबुंटूने (दोन्ही लिनक्सचेच अवतार) पाइपवायर आणलं त्यानंतरचा तिसरा. मी तिन्ही केले. सांगत नाही काय झालं ते.

शेवटी अल्सामिक्सर हा आवाज कमीजास्त करायचा प्रोग्राम उघडला, एफ-चार दाबून कॅप्चरच्या, म्हणजे आवाज आत घेण्याच्या, पट्ट्या काढल्या, तर माइकचं कॅप्चरच बंद, स्पेसबार दाबल्यावर चालू झालं. एका स्पेसबारसाठी संध्याकाळ गेली.

तोवर आत्याचा घसा बसलेला तरी तिने चार ओव्या म्हटल्या, मी घाईघाईत अरेकॉर्ड या रेकॉर्डिंगच्या कमांडला "-एफ सीडी" (सीडीच्या दर्जाने घे) सांगायला विसरलो आणि त्याने आपल्या मनाने आठ बिट, आठ हजार हर्ट्झवर घेतलं, म्हणजे एकदम जुन्या टेलिफोनचा आवाज, त्यात कुकरची शिट्टी. मी कपाळावर हात मारला. आत्या मात्र दोनदा ऐकून म्हणाली, "अगदी ट्रंक कॉल लागल्यासारखं वाटतंय रे. परत लाव."

पुतण्याने ते स्पीकरसमोर फोन धरून रेकॉर्ड करून घेतलं.